बुलबुलनं उडून जायचं कुठं?

‘गाईडच्या मुली’ म्हटलं की आपल्या संघटनांमधल्या बऱ्याच मैत्रिणींच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. पुढाऱ्यांच्या स्वागताला उन्हात उभ्या केलेल्या, निळ्या गणवेशातल्या, एका तालात टाळ्या वाजवणाऱ्या मुली. साहेबानं आणलेली, आज्ञाधारकपणा शिकवणारी, शाळेच्या तपासणीपुरती चालणारी चळवळ. हिच्यात आपण कशाला वेळ घालवायचा? आमच्या गटाच्या बैठकीत हा प्रश्न निघाला तेव्हा मी एकटी विरुद्ध बाजूला होते. पुढचा विषय रेशनचा होता, बायका लांबून आलेल्या होत्या, त्यामुळे माझं म्हणणं अर्धवट राहिलं. ते इथे पूर्ण मांडते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि सोळा वर्षं मुलींचं गाईड पथक सांभाळते आहे. या चळवळीत टीका करण्यासारखं काय काय आहे ते मला बैठकीतल्या मैत्रिणींपेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि या लेखात ते येईलच. पण तिच्यात एक गोष्ट अशी आहे जी आपल्या समाजात मला दुसरीकडे कुठेही सापडली नाही. ती म्हणजे मुलगी एका वयोगटातून पुढच्या वयोगटात जाते तो दिवस.

आधी थोडी माहिती देते, कारण विरोध करणाऱ्या बहुतेकींना ही रचनाच माहीत नव्हती. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये अगदी लहान मुली त्या बनी, साधारण सहा ते दहा वर्षांच्या त्या बुलबुल, दहा पूर्ण झाली की गाईड आणि गाईडचं वय संपलं की पंचविशीपर्यंत रेंजर. बुलबुलांचा फ्लॉक असतो. गाईडची कंपनी असते, तिच्यात सहा-आठ मुलींचे संघ असतात आणि प्रत्येक संघाला मुलींमधलीच एक संघनायिका असते. बुलबुलची गाईड होते तेव्हा एक छोटा समारंभ करतात. एका बाजूला फ्लॉक, दुसऱ्या बाजूला कंपनी, मधे मोकळी जागा. आमच्याकडे आम्ही तिथे चुन्याची रेघ ओढतो. मुलगी जुन्या मैत्रिणींचा निरोप घेते, रेघ ओलांडते, पलीकडे संघनायिका डाव्या हातानं हस्तांदोलन करून तिला आपल्यात घेते. याला उड्डाण समारंभ म्हणतात. दहा मिनिटांत आटोपतो. खर्च काही नाही.

आता मैत्रिणींनो, मुलगी मोठी झाली म्हणून आपल्याकडे आणखी कोणते समारंभ होतात ते आठवून पाहा. न्हाण आल्यावर मखरात बसवायची पद्धत आपल्या आज्यांनी पाहिलेली आहे आणि काही घरांत ती अजून संपलेली नाही. मग दाखवणं. मग साखरपुडा, हळद, लग्न, ओटी, डोहाळजेवण. प्रत्येक वेळी तिला काहीतरी नवं नेसवतात आणि त्याच वेळी तिच्याकडचं काहीतरी काढून घेतात. मखरात बसवलं की मैदान गेलं. दाखवायला सुरुवात झाली की सायकल गेली, मोठ्यानं हसणं गेलं. लग्नात तर नावसुद्धा गेलं. मुलगी मोठी झाली, म्हणून आता तिला जास्त मिळणार, जास्त लांब जाता येणार, रात्री तंबूत झोपता येणार, हातात दोरखंड आणि सुरी येणार, आठ जणींना घेऊन वाट शोधायची जबाबदारी येणार, असं चारचौघांसमोर सांगणारा एकही समारंभ त्या यादीत नाही. गाईडच्या त्या चुन्याच्या रेघेत मात्र तो आहे.

आणखी एक. ही रेघ कोणी ओलांडायची ते वर्षांवर ठरतं. दहा पूर्ण झाली की झाली. मुलीला पाळी आली का, ती ‘मोठी दिसते’ का, तिचे मार्क किती, तिचा बाप काय करतो, यांतलं काहीही विचारलं जात नाही. आमच्या गावांत मुलीचं वय मोजायची रीत वेगळी आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. छाती भरली की शेजारीण मोजते, पाळी आली की आजी मोजते, आणि मग एकदा ते मोजमाप सुरू झालं की शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय याला कोणी विचारत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला पाळी येते आणि घरचे तिला फ्रॉक सोडायला लावतात. पण बुलबुलच्या फ्लॉकमध्ये ती दहाची होईपर्यंत लहान मुलगीच राहते. तिला तिचं एक वर्ष परत मिळतं.

आता यातली लबाडीही सांगते.

मुलांमध्ये बुलबुलच्या वयाला कब म्हणतात. कबांच्या प्रगतीच्या पायऱ्यांना नाव आहे ‘चरण’. बुलबुलांच्या पायऱ्यांना ‘पंख’: कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख, हीरक पंख. ऐकायला गोड आहे. पण मुलीला पंख द्यायला कधीच कोणाची ना नसते, कारण पंख चित्रात काढता येतात. पाय दिले तर ती एस.टी. स्टँडवर एकटी जाईल. कबांची सगळी गोष्ट जंगलाची आहे, मोगलीची, त्यांच्या शिक्षकाला अकेला म्हणतात. बुलबुलांच्या वाट्याला झाड आणि त्यावरचे पक्षी आले.

हे आजचं नाही, मुळातलंच आहे. ४ सप्टेंबर १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बेडन-पॉवेल साहेबांनी स्काऊट मुलांचा मेळावा भरवला. तिथे काही मुली आपण होऊन, स्वतः जमवलेला गणवेश घालून हजर झाल्या आणि म्हणाल्या, आम्हीही स्काऊट आहोत. कोणी बोलावलं नव्हतं. साहेबांची पंचाईत झाली. मग १९१० मध्ये मुलींसाठी वेगळी संघटना निघाली, ती त्यांच्या बहिणीकडे, अ‍ॅग्नेस बेडन-पॉवेल यांच्याकडे सोपवली आणि मुलींना स्काऊट न म्हणता गाईड म्हणायचं ठरलं. हे नाव आपल्या उपखंडातलं आहे, वायव्य सरहद्दीवरच्या ‘कोअर ऑफ गाईड्स’ या फौजेवरून घेतलेलं. १९१२ मध्ये गाईडचं जे पहिलं पुस्तक निघालं, त्याच्या नावातच मुलींनी साम्राज्य उभारायला हातभार कसा लावावा असं होतं. आणि लहान मुलींच्या शाखेला १९१४ मध्ये नाव दिलं ‘रोजबड’, म्हणजे गुलाबकळी. त्या मुलींनाच ते आवडलं नाही! वर्षभरात बदलून ‘ब्राऊनी’ करावं लागलं. ब्राऊनी म्हणजे तिकडच्या गोष्टींतली घरातली चिमुकली भुतं, जी सगळे झोपल्यावर गुपचूप झाडलोट करून ठेवतात. मुलांच्या शाखेला १९१६ मध्ये लांडग्याची पिल्लं मिळाली आणि मुलींना झाडू. आपल्याकडे बुलबुल आली हे त्यापेक्षा बरंच म्हणायचं.

भारतात पहिली गाईड कंपनी १९११ मध्ये जबलपूरला निघाली तीही सुरुवातीला युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरती. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकत्र संघटना झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला मुलींची संघटना तिच्यात आली. तेव्हा ‘साहेबाची चळवळ’ हा आक्षेप मी नाकारत नाही. पण साहेबाच्या चळवळीत पहिल्या मुली बिनबोलावता घुसल्या होत्या हे आपण सांगायचं विसरतो. रेल्वे साहेबाची होती आणि शाळाही साहेबाच्या होत्या. सावित्रीबाईंनी त्या नाकारल्या नाहीत. १९६६ पासून पुण्यात आळंदी रोडला जागतिक गाईड संघटनेचं ‘संगम’ हे केंद्र आहे, देशोदेशींच्या मुली तिथे येऊन राहतात. आपल्या किती जणींनी त्याचं फाटक ओलांडलंय?

माझं खरं भांडण पुढच्या गोष्टींशी आहे.

पहिलं, रेघ कोणी कशी ओलांडायची याचं. इंग्लंडात जुनी पद्धत अशी होती की ज्या ब्राऊनीनं वरची परीक्षा पास करून बिल्ला मिळवला, ती पंख लावून ‘उडत’ गाईडमध्ये जायची. जिला तो मिळाला नाही, ती ‘चालत’ जायची. आपल्याकडे ही पद्धत नियमात नाही, पण मनात मुरलेली आहे. एका शाळेत मी पाहिलं, ज्या बुलबुलांचे सगळे पंख झाले होते त्यांना पुढे खुर्चीवरच्या पाहुण्यांसमोर आणलं, फोटो काढले, बाकीच्या चौदा मुली मागं उभ्या राहिल्या आणि शेवटी ‘तुम्ही पण या’ म्हणून हात हलवून बोलावल्या. त्या चौदा जणी कोण होत्या? एकीच्या कडेवर वर्षभर भाऊ होता. दोघी वस्तीवरून चार किलोमीटर चालत यायच्या आणि बैठक संपायच्या आधी निघाव्या लागायच्या. एकीकडे गणवेश नव्हता. बिल्ले मिळवण्यात काही वाईट नाही, मी स्वतः मुलींच्या मागे लागून करून घेते. पण वय वाढणं हे बक्षीस नाही. दहा वर्षं ज्या मुलीनं पूर्ण केली, आणि ऊसतोडीच्या फडावर पाचटाच्या कोपीत काढून पूर्ण केली, तिला रेघ ओलांडायचा पूर्ण हक्क आहे, तोही सगळ्यांच्या बरोबरीनं.

दुसरं, रेघेच्या पलीकडे कोणी उभंच नसतं. जिल्हा परिषदेच्या आमच्या बहुतेक शाळा चौथीपर्यंत. बुलबुलचं वय दहाला संपतं आणि गावातली शाळाही तिथंच संपते. म्हणजे कागदावर ती पंख पसरते आणि प्रत्यक्षात तिला दुसऱ्या गावच्या हायस्कुलात नाव घालायचं असतं, जिथं गाईडची कंपनी असेलच असं नाही, असली तरी तिथल्या बाईंना ही मुलगी बुलबुल होती हे कोण सांगणार? पहिल्या शाळेनं निरोप द्यायचा आणि दुसरीनं स्वागत करायचं, तर मधलं पाच-सहा किलोमीटरचं अंतर कोण ओलांडणार? आमच्या केंद्रातल्या दोन प्राथमिक शाळांच्या शिक्षिका आणि मी मिळून एवढंच केलं, की समारंभ हायस्कूलच्या मैदानावर घ्यायला लागलो आणि चौथीच्या मुलींना त्यांच्या आयांसकट तिथे आणायला लागलो. आयांनी हायस्कूल आतून पाहिलं. त्यातल्या काही जणींनी पहिल्यांदा. पाचवीत मुलीचं नाव घालायच्या वेळी ‘लांब आहे’ म्हणणाऱ्या घरात आता निदान एक बाई असते जिनं ते लांब पाहिलेलं असतं. सरकारनं मुलींना एस.टी.चा मोफत पास दिला ही चांगली गोष्ट आहे. पण पास हातात घेऊन उतरायचं कुठं, आणि तिथं कोण वाट पाहतंय, हे पासावर लिहिलेलं नसतं.

तिसरं, पलीकडे गेल्यावर मिळतं काय. सोपान चढायचे असतात: प्रथम, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार. गाठी, प्रथमोपचार, नकाशा, होकायंत्र, विस्तव, निरोप पोचवणं. हे सगळं पुस्तकात आहे. आणि शाळेत काय होतं? १५ ऑगस्टला संचलन, पाहुणे आले की औक्षण, स्नेहसंमेलनात रांगोळी आणि पाणी वाटणं. ‘खरी कमाई’ म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायचे, किती चांगली कल्पना! पण मुलगे बूट-पॉलिश करतात, सायकली पुसतात, बाजारात हमाली करतात आणि मुली शाळेच्या वऱ्हांड्यात भेळेचा स्टॉल लावतात. त्या भेळेचं सामानही घरून, म्हणजे आईच्या कष्टाचं. मी एका वर्षी मुलींना आठवडी बाजारात नेलं, भाजीवाल्या बायकांची पोती उतरवायला आणि हिशेब लिहून द्यायला. संध्याकाळी दोन पालक भांडायला आले. कमाई किती झाली हे कोणी विचारलं नाही, बाजारात कोणी कोणी पाहिलं हे विचारलं.

आणि वरच्या सोपानांवर मुक्काम येतो. इथे सगळं अडतं. एका मुलीच्या आईनं मला सांगितलं, “बाई, ती बुलबुल होती तवर मी कदी न्हाई म्हनले का? आता रातीचं न्हाई.” त्या आईवर मला राग आला नाही. ती जे म्हणत होती त्यात भीती होती आणि ती भीती खोटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी एकटीनं जायची मोकळीक असलेल्या बायका देशात ४२ टक्के निघाल्या. त्या आईलाच जी मोकळीक नाही ती ती मुलीला कुठून देणार? पण मग त्यावर उपाय शोधायचा, की शिबिरच रद्द करायचं? आमच्याकडे नेहमी रद्द होतं. मुलांचं शिबिर डोंगरावर तीन रात्री आणि मुलींचं शाळेच्या आवारात सकाळी दहा ते पाच. दोघांना प्रमाणपत्र एकच.

मुक्कामात धोका नसतो असं मी म्हणत नाही. शाळेत, वसतिगृहात, शिबिरात मुलींवर अत्याचार झाल्याच्या बातम्या आपणच गोळा करतो. म्हणून तर मागणी स्पष्ट हवी: रात्री मुलींबरोबर किमान दोन बायका, एकही पुरुष एकटा तंबूकडे फिरकणार नाही, संडास आणि पाण्याची सोय आधी पाहायची, आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यात काय आहे ते मुलींना शिबिराच्या पहिल्याच दिवशी सांगायचं. हे सगळं करून शिबिर घ्यायचं. मुलीला घरात ठेवून सुरक्षित केलं असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या केंद्राकडे आलेले अर्ज एकदा वाचावेत.

चौथं, आणि सर्वांत गंभीर, म्हणजे गाईडच्या पुढं काय. पुस्तकात पुढं रेंजर आहे. प्रत्यक्षात नववीतच ‘पुढच्या वर्षी दहावी’ म्हणून मुलींची नावं कमी होतात. राज्य पुरस्कार वगैरे झालेल्यांना दहावीत सवलतीचे गुण मिळतात, तेवढ्यासाठी काही जणी टिकतात आणि गुण मिळाले की त्यांचंही संपतं. रेंजर म्हणजे कॉलेजात. कॉलेज म्हणजे तालुक्याला. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी रेंजर झालेल्या मी दोन हातांच्या बोटांवर मोजते आणि काही बोटं उरतात.

मग बाकीच्या कुठं गेल्या? त्याही पुढच्या वयोगटातच गेल्या. फक्त ती शिडी वेगळी. आमच्याकडे ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एकटा माणूस अर्धा कोयता. पोरगा कामाला आला की त्याला पूर्ण कोयता करायला एक बायको लागते आणि दिवाळीच्या आधी ती मिळाली तर उचल दुप्पट. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर आमच्या आठवी-नववीच्या वर्गातून मुली कमी होतात. त्याच पाचव्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. म्हणजे पाचातली एक. गाईडचं वय अठरापर्यंत आहे. याचा सरळ अर्थ असा, की पाचातली एक मुलगी पुस्तकाप्रमाणे गाईड असायला हवी होती तेव्हा कोणाची तरी बायको होती.

शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा चौदाला थांबतो. बालविवाहाचा २००६ चा कायदा अठराला थांबतो. मुलींचं लग्नाचं वय एकवीस करायचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. त्यावर आपण सगळ्यांनी उलटसुलट लिहिलं. पण अठरा काय आणि एकवीस काय, चौदापासून तिथपर्यंत त्या मुलीनं करायचं काय, याचं उत्तर आपल्या कोणाच्याच निवेदनात नव्हतं. लग्न ‘पुढं ढकला’ म्हणायचं, तर कशासाठी ढकला? घरात बसून वाट पाहण्यासाठी? मुलीच्या पुढं स्वतःचं म्हणून काही असेल, तिचा संघ, तिची पुढची पायरी, तिच्याशिवाय अडणारं एखादं काम, तर ‘आत्ता नको’ म्हणायला तिच्याकडे कारण असतं. आमच्या एका संघनायिकेनं घरात सांगितलं होतं, की माझा सोपान राहिलाय, तो झाल्याशिवाय मी कुठंही जायची नाही. घरचे हसले. पण त्या हसण्यात ते वर्ष निघालं, आणि पुढच्या वर्षी तिनं अकरावीला नाव घातलं. दर वेळी असं होत नाही. बहुतेक वेळा होत नाही. पण ‘माझा सोपान राहिलाय’ हे वाक्य तिला आम्ही दिलं होतं, आपल्या पोस्टरनं नाही.

आता काही मैत्रिणी म्हणतील, मग मुलामुलींचं एकत्रच का नको? इंग्लंडात १९९१ पासून स्काऊटच्या सगळ्या वयोगटांत मुली येऊ शकतात. अमेरिकेतल्या ‘बॉय स्काऊट’नी २०१९ पासून मोठ्या मुलींना घेतलं आणि २०२५ मध्ये नावातला ‘बॉय’ही काढला. चांगलं आहे. पण आमच्या नववीच्या वर्गात एकत्र गट केला की तंबूचे खांब मुलगे ठोकतात आणि मुलींना कोणीतरी न सांगताच चूल देतं. मुलींच्या कंपनीत खांब ठोकायला मुलगेच नसतात, तेव्हा ते मुलींनाच ठोकावे लागतात. काही वर्षं ते हवं आहे. पुढं रेंजरच्या वयात जरूर एकत्र शिबिरं घ्या, तोवर त्यांना हातोडी सवयीची झालेली असेल.

संघटनेकडे आपण मागायचं ते फार मोठं नाही. कंपनी शाळेलाच बांधलेली असली पाहिजे असं नाही, खुली पथकंही चालतात. मग ती वस्तीवर का नाहीत? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांत का नाहीत? शाळा सुटलेल्या, शिवणकाम करणाऱ्या, लग्न होऊन परत आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला रेंजर का होता येऊ नये? तिचं वय पंचविशीच्या आत आहे, तेवढंच बघायचं आहे. आणि समारंभाची तारीख. तो बरेच ठिकाणी २२ फेब्रुवारीला, चिंतनदिनाला धरतात. त्या दिवशी आमच्या निम्म्या मुली सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात, कारखान्याच्या तळावर असतात. बेडन-पॉवेल साहेब आणि त्यांच्या पत्नी दोघांचा तो वाढदिवस आहे म्हणे. असू दे. आमच्या मुली ऑगस्टमध्ये गावात असतात.

आणि आपल्या गटांकडेही मागणं आहेच. आपण किशोरी शिबिर घेतो, दोन दिवस शरीराची माहिती देतो, गाणी म्हणतो, निघून येतो. पुढच्या वर्षी नव्या मुली, तेच शिबिर. पहिल्या वर्षीची मुलगी दुसऱ्या वर्षी कुठल्या पायरीवर आहे हे आपण विचारत नाही, कारण आपल्याकडे पायरीच नाही. ज्या चळवळीला आपण हसतो तिच्याकडे निदान ती आहे. तुटकी आहे, पण दुरुस्त करता येण्यासारखी आहे. शिबिरात रात्री बरोबर राहायला दोन बायका मिळत नाहीत म्हणून दर वर्षी आमच्या आसपासच्या चार-पाच शाळांतल्या मुलींचा मुक्काम रद्द होतो. आपल्या गटात बायकाच बायका आहेत.

येत्या ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आमच्या शाळेच्या मैदानावर तीन गावांतल्या बुलबुल रेघ ओलांडणार आहेत. त्याच संध्याकाळी मोठ्या गाईडचा डोंगरावर एक रात्रीचा मुक्काम ठरवला आहे. मुख्याध्यापकांची परवानगी लेखी मिळाली आहे. एकोणीस मुलींच्या घरून होकार आला आहे, तेरा घरी अजून जायचं आहे आणि तिथे मी एकटीनं जाऊन उपयोग नाही, कारण मी तिथे ‘शाळेची बाई’ आहे. निदान सहा जणी हव्यात: चार घरोघर बोलायला आणि दोन रात्री राहायला. येणारीनं आपलं अंथरूण, बॅटरी आणि पावसाचं काहीतरी बरोबर आणावं. शाळेकडे तंबू चारच आहेत आणि त्यातला एक गळतो.